टॉर्ककाका

डेट्रॉइटच्या उपनगरांत मराठी घरी जेवण असलं की पुरुषमंडळींचे दोन घोळके पडतात. एक टीव्हीपुढे बसतो, दुसरा गराजमध्ये उभा राहतो. दुसऱ्या घोळक्याच्या मधोमध, एका हातात मठ्ठ्याचा पेला आणि दुसऱ्या हातात यजमानांच्या गाडीची डिपस्टिक धरून जो गृहस्थ उभा असतो, त्याला गावोगाव वेगळं नाव असेल. आमच्याकडे त्यांना टॉर्ककाका म्हणतात. तोंडावर म्हणतात. काकांना त्याचं वाईट वाटत नाही. फक्त एखाद्या नवख्यानं तसं म्हटलं तर ते त्याला विचारतात, "टॉर्क कशात मोजतात, ठाऊक आहे का?" आणि मग त्या नवख्याची बासुंदी वाटीतच राहते.

काका मूळचे सांगलीचे. वालचंद कॉलेजातून मेकॅनिकल करून इकडे आले आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी मोटारीच्या काचा वर-खाली करणाऱ्या यंत्रणेवर काम केलं; त्यातही फक्त मागच्या दारांच्या. डेट्रॉइटचा हा खाक्याच आहे. एका मोटारीला इतके भाग आणि इतके इंजिनिअर लागतात की अख्खी मोटार कुणाच्याच वाट्याला येत नाही. आमच्या मंडळात वायपरवाले आहेत, सीटच्या फोमवाले आहेत, एक सद्गृहस्थ तर जन्मभर कपहोल्डरमध्ये होते. इंजिनापर्यंत पोचलेला माणूस विरळा, आणि पोचलेला निघाला तर तो बहुधा इंजिनावरच्या झाकणाचा असतो. काकांनी ही वाटणी ऑफिसात मुकाट्यानं सोसली आणि तिचा वचपा ते घरच्या गराजमध्ये काढत आले. त्यांच्या स्वतःच्या गाडीची मागची डावी काच कित्येक वर्षं खाली येत नाही, ही गोष्ट निराळी. कुणी विचारलंच तर म्हणतात, "ते ऑफिसचं काम. घरी नाही आणत."

गाडी २००२ सालची, व्ही-सिक्स इंजिनाची. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण आमच्या वसाहतीतली निम्मी घरं तिच्या पगारावर उभी आहेत आणि उरलेली तिच्या पेन्शनवर.

तर या गाडीतलं कूलंट कमी होऊ लागलं. तुमच्या-माझ्या गाडीत असं झालं तर आपल्याला ते डॅशबोर्डवर दिवा लागल्यावर कळतं. काकांनी कूलंटच्या बाटलीवर मार्करनं रेघा मारून शेजारी तारखा घातल्या होत्या. मुलांची उंचीसुद्धा यांनी कधी इतक्या नेमानं दारावर लिहिली नाही, असं काकूंचं म्हणणं. गाडीखाली थेंब नाही, रेडिएटर शाबूत, होज पाइप धडधाकट, आणि तरी दर रविवारी पातळी एक रेघ खाली. सकाळी गाडी सुरू केली की मागून पांढरा, गोडसर वासाचा धूर येई. काकांनी तो एके दिवशी वाकून हुंगला आणि घरात येऊन जाहीर केलं, "इनटेक मॅनिफोल्ड गेलं."

"कुठं गेलं?" काकूंनी विचारलं.

काका खुर्ची ओढून बसले. समजावून सांगायची संधी त्यांनी आजवर एकही दवडलेली नाही. "हे बघ, पंगतीत सहा पानं मांडलीत. वाढपी एकच. प्रत्येक पानाला सारखं पडलं पाहिजे आणि वेळेवर पडलं पाहिजे. सहा सिलिंडरना हवा वाढायचं हे काम मॅनिफोल्डचं."

"मग कूलंट कुणी वाढलं?"

प्रश्न बिनतोड होता, आणि गाडीचं सगळं दुखणं त्यातच होतं. नव्वदच्या दशकात अमेरिकी कंपन्यांनी अॅल्युमिनियमच्या मॅनिफोल्डऐवजी काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची मॅनिफोल्ड वापरायचा सपाटा लावला. वजनाला हलकी, आतून गुळगुळीत, इंजिनाची उष्णता आतल्या हवेपर्यंत कमी पोचते, शिवाय साच्यातून स्वस्तात निघतात. काकांच्या इंजिनात मॅनिफोल्डचा खालचा भाग अॅल्युमिनियमचा आणि वरचा प्लॅस्टिकचा. एक्झॉस्टचा थोडा वायू पुन्हा इंजिनात सोडणारी धातूची तापलेली नळी या वरच्या भागात घुसते, आणि तिच्या अगदी शेजारून कूलंटचा मार्ग जातो. वर्षानुवर्षं भाजून नळीभोवतीचं प्लॅस्टिक ठिसूळ होतं, त्याला भेग पडते आणि इंजिन हवेबरोबर कूलंटही ओढायला लागतं. थोडं ओढलं तर पांढरा धूर निघतो. रात्रभर झिरपून एखादा सिलिंडर भरला तर मात्र खेळ खलास. हवा दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. सकाळी किल्ली फिरवली की वाकतो तो कनेक्टिंग रॉड.

प्लॅस्टिकचा हा हव्यास एकट्या एका कंपनीचा नव्हता, हे सांगायला काका विसरत नाहीत. फोर्डच्या ४.६ लिटर व्ही-एटच्या मॅनिफोल्डवरून ग्राहकांनी सामुदायिक दावा लावला होता आणि २००५ मध्ये त्यात तडजोड झाली. ते इंजिन क्राऊन व्हिक्टोरियात असायचं, म्हणजे निम्म्या अमेरिकेच्या पोलिसांकडे आणि टॅक्सीवाल्यांकडे. पुढे बदली भाग आला त्यात कूलंटचा समोरचा मार्ग अॅल्युमिनियमचा होता. "म्हणजे आपण पूर्वी करत होतो तेच," काका म्हणतात. यातले "आपण" कोण, हे अजून कुणी विचारलेलं नाही. मागच्या दाराच्या काचेचा माणूस इंजिनाबद्दल बोलताना प्रथमपुरुषी अनेकवचन वापरतो, यातच त्याचा सगळा स्वभाव आला.

गॅरेजवाल्यानं नऊशे डॉलर सांगितले. भाग शंभर-सव्वाशेचा, बाकी मजुरी. काका त्या काउंटरवर पाच मिनिटं थांबले, "विचार करून सांगतो" म्हणाले आणि बाहेर आल्यावर त्यांचा चेहरा उजळला. आता इथं लोकांचा गैरसमज होतो. टॉर्ककाका चिक्कू आहेत, पैसे वाचवायला हे उद्योग करतात, असं मंडळात सर्रास बोललं जातं. तसं अजिबात नाही. मुलीच्या लग्नात त्यांनी हात आखडता घेतला नाही, सांगलीच्या शाळेला ते दरवर्षी न चुकता पैसे पाठवतात. काकांना पैसे वाचवायचे नसतात; त्यांना फसायचं नसतं. गॅरेजवाला पडद्याआड जाऊन काय करतो, जुना भाग खरंच काढतो की पुसून तोच बसवतो, बोल्ट किती आवळतो, हे दिसत नाही, त्याचा त्यांना जाच होतो. नऊशेचं काम हजारात झालं तरी चालेल, पण त्या हजाराची प्रत्येक चक्ती डोळ्यांसमोर बसली पाहिजे. सांगलीत ज्यानं सायकलचं पंक्चरसुद्धा कोपऱ्यावरच्या दुकानातून काढून घेतलं, तो माणूस मिशिगनमध्ये मेकॅनिक होतो तो असा. कोपऱ्यावरच्या दुकानात बादलीतल्या पाण्यात बुडबुडे स्वतःच्या डोळ्यांनी दिसायचे ना!

मग तयारी. इथल्या ऑटोझोनसारख्या दुकानांतून अनामत भरली की हत्यारं उसनी मिळतात आणि परत केली की पैसे परत मिळतात. काकांनी टॉर्क रेंच हातात घेऊन पाहिला आणि खाली ठेवला. "किती जणांनी आपटला असेल कुणास ठाऊक. याच्यावर विश्वास कसा ठेवायचा?" नवा घेतला. त्यांच्याजवळ होता तो फूट-पाउंडाचा, हा इंच-पाउंडाचा. वरच्या मॅनिफोल्डचे बोल्ट ८९ इंच-पाउंडांवर आवळायचे असतात, आणि याच आकड्यापायी घरगुती मेकॅनिकांनी आजवर कितीतरी बोल्ट मोडले आहेत. कुणी ८९ फूट-पाउंड समजून जोर लावला तर तो बारापट होतो. प्लॅस्टिक फुटतं, आटे निघतात, बोल्टचं डोकं हातात येतं. काकांनी हे मला फोनवर सांगितलं, मग भेटल्यावर सांगितलं, आणि मंडळाच्या दिवाळी फराळाला माइकची चाचणी चालू असताना माइकवर सांगितलं.

मुहूर्त थँक्सगिव्हिंगचा. गुरुवार ते रविवार सलग सुट्टी, मुलं-नातवंडं दुसऱ्या आजोळी. वसाहतीच्या नियमांत ड्राइव्हवेवर गाडी दुरुस्त करायला बंदी आहे, म्हणून काम गराजमध्ये, दार अर्धवट खाली ओढून. थंडी शून्याच्या आसपास. हीटर लावू का विचारलं तर काका ओरडले. पेट्रोलची रेल सोडायची होती. रेलवरच्या व्हॉल्व्हमधून दाब काढला तरी थोडं पेट्रोल सांडतंच, आणि त्याची वाफ शेगडीपर्यंत जायला वेळ लागत नाही. तेव्हा माकडटोपी, दोन स्वेटर आणि बोटं कापलेले हातमोजे. मला टॉर्च धरायला बोलावलं होतं. ज्यांनी लहानपणी वडिलांना टॉर्च धरली आहे, त्यांना हे काम काय असतं ते माहीत आहे. टॉर्च कुठंही धरली तरी ती चुकीच्या जागी असते.

काका हात लावण्याआधी प्रत्येक गोष्टीचा फोटो काढतात. मग तिच्यावर चिकटपट्टी लावून अक्षर लिहितात. व्हॅक्यूमच्या बारक्या नळ्यांना अ, आ, इ, ई. बॅटरीची ऋण तार काढली, कूलंट परातीत काढलं, आणि ती परात लगेच झाकून फळीवर ठेवली, कारण इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. शेजाऱ्यांचा कुत्रा अर्धवट दाराखालून नाक घालतच होता. मग थ्रॉटल बॉडी, वायरिंगचे प्लग, पेट्रोलची रेल. निघालेले बोल्ट जागेवार राहावेत म्हणून काकूंचा जुना मिसळणाचा डबा आणला होता. मोहरीच्या वाटीत वरच्या मॅनिफोल्डचे, हळदीच्या वाटीत खालचे, हिंगाच्या डबीत थर्मोस्टॅटचे. "तिखटाच्या वाटीतला दे," असं ते म्हणायचे आणि मी द्यायचो. गराजमध्ये कूलंटच्या वासात जिऱ्याचा वास मिसळला होता.

दुपारपर्यंत वरचा भाग हातात आला. काकांनी तो उलटा केला आणि नळीच्या भोकाभोवती नख फिरवलं. काळं पडलेलं प्लॅस्टिक खपलीसारखं सुटून आलं, खाली भेग. काका बराच वेळ त्या भेगेकडे कौतुकानं पाहत होते. आपलं निदान बरोबर निघालं याचा आनंद आणि आपली गाडी बिघडली याचं दुःख यांत कोण जिंकतंय, ते चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

इथं थांबायला हरकत नव्हती. नवा भाग घालायचा, बोल्ट आवळायचे, घरी जायचं. पण या जातीच्या माणसाचं एक ब्रीदवाक्य असतं: "उघडलंच आहे तर." उघडलंच आहे तर खालचं मॅनिफोल्डही काढू, त्याची गॅस्केट प्लॅस्टिकच्या फ्रेमची आहे, ती अॅल्युमिनियमच्या फ्रेमची घालू. उघडलंच आहे तर थर्मोस्टॅट. उघडलंच आहे तर मागच्या बाजूचे स्पार्क प्लग, जे एरवी इंजिन आणि केबिनच्या भिंतीमध्ये हात अडकवून काढावे लागतात (उघडल्यावरही तसेच काढावे लागतात). गुरुवारचं काम शनिवारपर्यंत गेलं ते या एका वाक्यानं.

खालचं मॅनिफोल्ड काही केल्या निघेना. सगळे बोल्ट काढलेले, वाट्यांत मोजून पडलेले, आणि ते हलेना. काकांनी पहार आणायला मला घरात पाठवलं. मी परत येईपर्यंत त्यांनीच दुरुस्तीच्या पुस्तकात पाहिलं होतं: दोन बोल्ट वरच्या भागाखाली तिरके दडलेले असतात, ते सर्वांत शेवटी दिसतात. "पहार राहू दे," ते म्हणाले. पहार नंतर दोन दिवस मोटारीच्या टपावर होती.

मॅनिफोल्ड निघालं की इंजिनाची सहा तोंडं उघडी पडतात. त्यांत काही पडलं तर ते थेट व्हॉल्व्हवर. म्हणून काकांनी जुन्या बनियनचे सहा तुकडे केले, त्यांवर पेननं १ ते ६ आकडे घातले आणि एकेका तोंडात एकेक कोंबला. मग प्लॅस्टिकच्या पट्टीनं जुनी गॅस्केट खरवडायला बसले. ड्रिलला घासणीची चकती लावून हे काम पाच मिनिटांत होतं, पण त्या चकतीची बारीक पूड तेलात जाते आणि बेअरिंग खाऊन टाकते. काका तासभर खरवडत होते. खरं सांगायचं तर त्यांच्या सगळ्या अट्टहासातली ही गोष्ट मला मनापासून पटली. पैसे घेऊन काम करणारा माणूस हा तास देईलच, याची खात्री मलाही नाही.

खरवडून झालं, पुसून झालं, बोळे काढायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, पाच, सहा.

चार नव्हता.

काकांनी मोजले. मला मोजायला लावले. टॉर्च माझ्या हातातून घेऊन चौथ्या तोंडात डोळा घातला. मग लोहचुंबकाची कांडी आत घालून फिरवली. सुती बनियनला लोहचुंबक काय करणार, पण त्या क्षणी ते बोलायची माझी प्राज्ञा नव्हती. काकांची माकडटोपी घामानं भिजली. हेड उघडावं लागेल, ते म्हणाले. हेड उघडलंच आहे तर, असं ते पुढे म्हणतील या भीतीनं मीही गारठलो. तेवढ्यात काकू रिकामे पेले न्यायला आल्या आणि त्यांनी बाकावरचा काकांचा पेला उचलला. पेल्याखाली, चहाच्या गोल डागात, ४.

"बाकाला डाग पडू नये म्हणून ठेवलं होतं," काकू म्हणाल्या. "तुमच्याच बाकाला."

पुढचं सगळं काकांनी कुणाशी न बोलता केलं. टोकांना सीलंटची वळी, गॅस्केट, मॅनिफोल्ड, मधल्या बोल्टपासून बाहेर जात टप्प्याटप्प्यानं आवळणी. रेंच "टक्" वाजला की काका डोळे मिटत. त्यांच्या लहानपणी सांगलीच्या गणपती पेठेत एक मिस्त्री होता. तो वडिलांच्या फियाटचे बोल्ट नुसत्या मनगटानं आवळायचा आणि म्हणायचा, हाताला कळतं. काका ही गोष्ट अडाणीपणाचा नमुना म्हणून सांगतात. त्या फियाटचं पुढं काहीच बिघडलं नाही आणि ती उत्तम चालत असताना विकली गेली, हे काका सांगत नाहीत; ते त्यांच्या धाकट्या भावाकडून कळलं.

सीलंट थंडीत सावकाश सुकतं, म्हणून रात्र जाऊ दिली. रविवारी सकाळी तेल बदललं, कारण कूलंट तेलात उतरलं असेल तर त्यावर इंजिन चालवणं म्हणजे बेअरिंगशी वैर. बॅटरी जोडली. किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं आणि मागून एवढा पांढरा धूर निघाला की समोरच्या घरातली बाई फोन हातात घेऊन बाहेर आली. आत उरलेलं कूलंट जळतंय, काकांनी तिला रस्ता ओलांडून समजावलं. पंगतीचा दाखला इंग्रजीत कसा दिला ते मला ऐकू आलं नाही. धूर संपला. पण इंजिन स्थिर होईना. आरपीएमचा काटा सहाशेवरून बाराशेवर जायचा आणि परत यायचा, आणि कुठूनतरी बारीक शीळ ऐकू येत होती. हवा चोरवाटेनं आत शिरत होती.

काकांनी लॅपटॉप उघडला. व्हिडिओ पाहिले. मग सगळं बाजूला ठेवून गराजमधून हातभर रबरी नळी आणली, एक टोक कानाला लावलं, दुसरं इंजिनावरून फिरवू लागले. मिस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून हेच करायचा, हे त्यांच्या तोंडून नकळत निघून गेलं. इंजिनाच्या मागे, भिंतीच्या बाजूला, नळी थबकली. तिथं एक व्हॅक्यूमची नळी मोकळी लोंबत होती. तिच्यावर काकांच्याच अक्षरात चिकटपट्टी होती. अ, आ, इ, ई नव्हे. तिच्यावर लिहिलं होतं: "ही कुठली?"

ती जोडली. शीळ बंद. काटा जागेवर.

काकांच्या वहीत या कामाचा हिशेब आहे आणि तो कुणालाही बघायला मिळतो. गॅरेजचा अंदाज ९०० डॉलर, प्रत्यक्ष खर्च ६४०, बचत २६०. यात इंच-पाउंडाचा रेंच धरलेला नाही, तो भांडवली खर्च. "उघडलंच आहे तर" या सदरातले भाग वेगळ्या पानावर, कारण ते या कामाचे नव्हेत. काकांचे चार दिवस शून्य डॉलर. माझे चार दिवस हिशेबात नाहीत, ते संस्कार. मिसळणाचा डबा काकूंनी नवा घेतला आणि त्याची पावती वहीत चिकटवली. ती तेवढी काकांनी अजून बेरजेत घेतलेली नाही.

गाडी त्यानंतर उत्तम चालते आहे. बाटलीवरच्या रेघेखाली कूलंट गेलेलं नाही. मागची डावी काच अजून वरच आहे.

डेट्रॉइटच्या बाजूला राहणाऱ्या मराठी वाचकांना एक सांगून ठेवतो. तुमच्याकडे त्या काळातली व्ही-सिक्स गाडी असेल आणि टॉर्ककाका जेवायला येणार असतील, तर गाडी गराजमध्ये ठेवू नका, दोन गल्ल्या सोडून रस्त्यावर लावा. एखादं बसवताना फुटलं तर जवळ असावं म्हणून त्यांनी मॅनिफोल्ड दोन मागवली होती. दुसरं अजून खोक्यात आहे आणि दुकानाची परत घेण्याची मुदत जानेवारीतच संपली.